विहिरीवरची पट्टी

छबूबाईची ज्वारी मालनबाईच्या बाजरीपेक्षा चांगली हातभर उंच होती, आणि हे दुःख मालनबाईला कुणाजवळ बोलून दाखवता येत नव्हतं. बोलली असती तर लोक तोंडावर हसले असते. दोघी सख्ख्या जावा. वाटणी झाली तेव्हा दोन्ही भावांना सारखंच रान आलं, बांधाला बांध लागला, विहीर तेवढी सामाईक राहिली. पाणी एकच, माती एकच, वर आभाळही एकच. तरी धाकटीचं रान काळंभोर हिरवं आणि थोरलीचं आजाऱ्यासारखं फिकट. सकाळी उठून दारात आलं की मालनबाईची नजर आधी तिकडं जायची, आणि मग दिवसभर तिला काही गोड लागायचं नाही.

कारण काही गुपित नव्हतं. धाकट्या दिराची, कानिफनाथची, सोसायटीत ऊठबस होती. दुष्काळ हटल्यावर युरियाला लोक रांगा लावत होते, तेव्हाही कानिफच्या घरी पांढऱ्या खताची पोती येऊन पडली. मालनबाईचा नवरा मच्छिंद्र शांत गडी. तो म्हणाला, "त्याच्या रानाला खत हाय, आपल्या न्हाई. त्यात रडायचं काय?"

"रडतंय कोन?" मालनबाई म्हणाली आणि भाकरी अशी थापली की परात खाटेच्या पायापर्यंत सरकली.

त्यातून छबूला बोलावं तर ती कधी तोंडाला तोंड देत नसे. अंगापिंडानं भरलेली, चार बाळंतपणं होऊनही सुकली नव्हती. धाकटी पोर अजून अंगावर पीत होती. मालनबाईनं टोचून काही म्हटलं की छबू हसायची, "व्हय अक्का," म्हणायची आणि घागर उचलून चालू पडायची. भांडायला आलेल्या माणसाला यापेक्षा मोठा अपमान नसतो.

मग उन्हाळ्यात भीमा धनगर कळप घेऊन परत फिरला.

दरसाल तो याच वाटेनं यायचा आणि कानिफच्या वरच्या रानात मेंढरं बसवायचा. रात्री दोरीच्या जाळीची वाघूर लावून कळप आत कोंडायचा, दुसऱ्या रात्री वाघूर पुढं सरकवायची, असं करत सगळं रान खतावून व्हायचं. लेंडी आणि मूत जमिनीत मुरलं की पीक असं यायचं की बघत राहावं. बदल्यात भीमाला धान्य आणि जेवण. या साली भीमा ओढ्याला लागला आहे हे कळताच मालनबाई डोक्यावर पाटी घेऊन सामोरी गेली. पाटीत ज्वारी होती, वर गुळाचा खडा होता.

"भीमा, औंदा आमच्याकडं बसव."

"कानिफरावाला सबूद दिलाय वयनी."

"त्यो काय पळून जातोय? आधी आमच्याकडं. थोरलं घर आमचं हाय का त्याचं?"

भीमानं पाटीकडं बघितलं. दुष्काळात अर्धा कळप गेलेला, बरोबरच्या बाया-माणसांची तोंडं सुकलेली. तो हो म्हणाला. कुठल्या रानात बसवायची, ते विचारलं तेव्हा मालनबाईनं जरासुद्धा विचार केला नाही. विहिरीच्या अंगाला तिची एक चिंचोळी पट्टी होती, उताराची, मुरमाड. तिथं कधी धड पीक आलं नव्हतं. पण छबू ओट्यावर दळायला बसली की समोर तीच पट्टी दिसायची.

मेंढरं बसली. पहाटेपासून बें-बें सुरू व्हायचं आणि मालनबाईला ते सनईसारखं गोड लागायचं. रीत अशी की वाघूर रोज हलवायची, पण पट्टी एवढीशी, हलवून हलवून कुठं हलवणार? भीमानं दोनदा म्हटलं की आता पुढं जातो. दोन्ही वेळा मालनबाईनं पायलीभर ज्वारी काढली. घरात खायला ज्वारी फार होती असं नाही. पण भीमा निघाला की पहिला मुक्काम छबूच्या रानात होणार, आणि ते तिला सोसणार नव्हतं. पाऊस जवळ येईपर्यंत त्याला धरून ठेवायचं. मग आपोआप त्याला गावाची वाट धरावी लागेल. पट्टीत लेंड्यांचा एवढा थर बसला की पाय घोट्यापर्यंत रुतायचा. दुपारी उन्हात तिथून असा उग्र वास उठायचा की विहिरीवर पाणी शेंदताना डोळ्यांतून पाणी यायचं.

एकदा छबू ताकाची कासंडी घेऊन धनगरांना द्यायला आली. म्हणाली, "अक्का, दोन राती आमच्याकडं धाडा की. पोरांचा बाप वाट बघतोय."

"मी काय बांधून ठिवलंय व्हय त्यास्नी?" मालनबाई म्हणाली. "त्यांच्या मनावर हाय."

भीमा खाली मान घालून ताक प्यायला. रोहिणीचे ढग दिसायला लागले तसा तो कळप घेऊन निघून गेला. छबूच्या रानात एक लेंडी पडली नाही. त्या दिवशी मालनबाई पोटभर जेवली.

आषाढात तिची लेक साळू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पाऊस चांगला लागला होता, विहीर काठोकाठ भरली होती. साळूला मुलगा झाला. गोरा, नाकेला, रडायला खणखणीत. पण साळूच्या अंगावर दूधच उतरेना. डिंक झाला, आहळीव झाले, शतावरी झाली. पोर छातीला झटायचं आणि मग रागानं लाल व्हायचं.

छबू बघायला आली तेव्हा तिनं आल्या आल्या हात पसरले. "आना हिकडं. माजं वाहून चाललंय."

पोरानं तिच्या पदराच्या वासावर मान वळवली. मालनबाईनं ते बघितलं आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्वारी तिची उंच, खत तिच्याकडं, आता आपल्या लेकीचा लेकही तिच्याच जिवावर वाढणार? उद्या गावभर सांगत फिरेल.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माज्या नातवावर दुसऱ्याचं मागून प्यायची पाळी आली न्हाई अजून."

"अक्का, दुसऱ्याचं कुठलं? मी चुलत आजी हाय त्याची."

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना."

दुष्काळात सरकारी केंद्रावर वाटलेल्या दूध भुकटीचा एक डबा मालनबाईनं जपून ठेवला होता. तिनं काष्टीच्या बाजारातून काचेची बाटली आणि रबरी बूच आणलं. साळू भीत होती, पण मालनबाई पक्की होती. मोठ्या गावातल्या बाया पोरं बाटलीवरच वाढवतात, असं तिनं ऐकलं होतं. आणि हयगय ती करणारी नव्हती. बाटली राखेनं घासायची. विहिरीचं ताजं पाणी गाळून पातेल्यात घालायची आणि चुलीवर असं उकळायची, असं उकळायची की निम्मं उरेल. "आटवलेलं पानी हाय," ती शेजारणींना दाखवायची. "एक किडा ऱ्हायाचा न्हाई त्यात." पोर गटागटा प्यायचं. मालनबाई बाटली घेऊन मुद्दाम ओट्यावर बसायची.

दोन आठवडे गेले नाहीत तोच पोराच्या ओठांवर करडी छटा दिसायला लागली. मालनबाईनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर मोठी आहे. नजर कुणाची हे तिला विचारावं लागलं नाही. तिनं बाटली आणखी एक वाढवली, पाणी आणखी आटवलं. एका सकाळी साळूनं अंघोळ घालायला पोराला उघडं केलं आणि किंचाळली. नखं जांभळी, ओठ निळे, अंग राखेसारखं. रडायचंही भान त्याला राहिलं नव्हतं.

मच्छिंद्रनं गाडी जुंपली. चिखलातून काष्टी गाठली, तिथून यष्टीनं नगर. साळू वाटभर पोराच्या नाकापुढं बोट धरून होती. मालनबाई देवांची नावं घेत होती आणि मध्येच, तिचं तिलाच कळत नव्हतं, छबूला शिव्या देत होती.

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराच्या टाचेत सुई टोचली. रक्त आलं ते लाल नव्हतं, काकवीसारखं काळपट होतं. त्यांनी घाईनं एक औषध मागवलं. औषधही निळं. ते शिरेतून दिलं आणि तासाभरात पोराच्या ओठांवर रंग चढायला लागला, भिंतीवर ऊन चढावं तसा. मग ते रडलं. दयाबाई नावाची नर्स होती, ती म्हणाली, "रडू द्या. आता रडणंच चांगलं."

मालनबाईनं तिचे पाय धरले. दयाबाईनं तिला उठवून बाकावर बसवलं आणि पोराला काय पाजत होता ते विचारलं. मालनबाईनं अभिमानानं सांगितलं, पाणी निम्मं आटवून.

दयाबाईच्या तोंडावरचा भाव बदलला. "मावशी, तिथंच घात झाला. उकळल्यानं जंतू मरतात. हे जंतू नाहीत. विहिरीत खतातलं नायट्रेट उतरलंय, मिठासारखं विरघळलेलं. मिठाचं पाणी आटवलं तर मीठ उडून जातं का? उलट खारट होतं. मोठ्या माणसाला एवढं बाधत नाही, तान्ह्याला बाधतं. रक्त काळं पडतं."

मालनबाईनं सगळं ऐकलं. पण तिच्या कानात राहिला तो एकच शब्द.

"खत? पांढरं खत?"

"ते मी इथून कसं सांगू? पण आता बाटली बंद. अंगावरचं दूध पाजा. आईला नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणा बाईचं. अंगावरच्या दुधात हे उतरत नाही."

साळूनं आईकडं बघितलं नाही. गावात उतरल्यावर तिनं घरचा उंबरासुद्धा ओलांडला नाही. पोराला घेऊन सरळ बांध ओलांडून गेली आणि छबूच्या मांडीवर नेऊन ठेवलं. मालनबाई दारात उभी राहून बघत होती. छबूनं पदर घेतला, पोर बिलगलं आणि चुटूचुटू पिऊ लागलं.

त्या दिवसापासून पिण्याचं पाणी ओढ्याच्या वरच्या झऱ्यावरून यायला लागलं आणि मालनबाईच्या तोंडाला विषय मिळाला. भेटेल त्याला ती सांगायची. "पांढरं खत हिरीत उतरलं. डाक्टरनं सांगितलं. माजा नातू मारला हुता त्यांनी." दवाखान्यात एवढं कुणी सांगितलं नव्हतं, पण लोकांना पटलं. खत नवं होतं, लोकांच्या मनात त्याचं भय होतंच. छबूच्या कानावर गेलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. ती कधी नव्हे ती स्वतः मालनबाईकडं आली.

"अक्का, खरंच आमच्यानं झालं का वो?"

"मग कुनाच्यानं?"

छबूनं घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण कानिफनं खताचा दुसरा हप्ता टाकला नाही. युरियाची पोती छपरात तशीच राहिली. भादव्यात छबूची ज्वारी पिवळी पडायला लागली. खालची पानं सुकली, कणसं मुठीत मावतील एवढीच धरली. मालनबाई सकाळी दारात यायची, तिकडं बघायची, आणि तिला बरं वाटायचं. अगदी खरं सांगायचं तर नातू वाचला तेव्हा वाटलं होतं तेवढंच बरं वाटायचं.

पण दिवसातून चार-पाच वेळा साळू पोराला घेऊन बांध ओलांडायची आणि ते बरं वाटणं तिथंच संपायचं. पोर गुबगुबीत व्हायला लागलं. आजीच्या मांडीवर ते कुरकुरायचं, छबूचा आवाज आला की पाय झाडायचं.

याच सुमाराला शमुवेल साहेब आले. ते मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होते, मूळचे शेवगावकडचे, बोलणं आपल्यासारखंच. घोड नदीचं, तळ्यांचं, ओढ्यांचं पाणी बाटल्यांत भरून नेत होते. पाण्यात नायट्रेट उतरतंय, ते नव्या खताचं की आणखी कशाचं, हे शोधणं त्यांचं काम. दवाखान्यात निळ्या पोराची गोष्ट कळली म्हणून वाट वाकडी करून आले. लाकडी पेटी भाड्याच्या सायकलला बांधलेली होती.

मालनबाईनं त्यांना चहा पाजला आणि चहा संपायच्या आत छबूच्या छपरात नेऊन उभं केलं. "हे घ्या. हितलं घ्या सायेब. ह्येच हाय ते."

छबू कोपऱ्यात पोराला पाजत बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. साहेबांनी चिमूटभर युरिया पुडीत बांधला. मग छबूच्या रानातली माती घेतली. विहिरीचं पाणी घेतलं, ओढ्याचं घेतलं, बाटल्यांत औषधाचे थेंब टाकले. जाता जाता विहिरीवरच्या पट्टीत थांबून तिथलीही माती खणून घेतली.

"हितं काय हाय?" मालनबाई म्हणाली. "हितं आमी पांढरं खत कवाच टाकलं न्हाई."

"सगळीकडचं घेतो बाई. कुठलं सोडून चालत नाही."

"आन् कळंल तुमास्नी? पानी तर पानीच दिसतंय."

साहेब हसले. "नत्र म्हणून एक असतं. खतात तेच, हवेतही तेच. त्यात दोन जाती, एक जराशी जड, एक हलकी. डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही. आमच्याकडं एक यंत्र आहे, ते दोन्ही वेगळं करून सांगतं, किती जड, किती हलकं. त्यावरून कुठून आलं ते कळतं."

"कुनाच्या रानातून आलं ते?"

"कशातून आलं ते."

मालनबाईला तेवढं पुरेसं होतं. साहेब गेले आणि ती निकालाची वाट बघत राहिली, पोरगी दाखवून आलेल्या आईसारखी. मुंबईचं यंत्र बोललं की मग कुणाचं तोंड उघडणार नव्हतं. साळूच्या सासरी कुजबुज सुरू झाली होती की या माहेरी पुन्हा बाळंतपणाला धाडायचं नाही. त्यांनाही दाखवता येणार होतं, दोष आमच्या घराचा नाही, पलीकडच्या घराचा.

दसरा झाला आणि काष्टीच्या बाजाराच्या दिवशी साहेब आले. छबू आणि कानिफ बाजाराला गेले होते. मच्छिंद्र रानात, साळू आत निजलेली. मालनबाई अंगणात बाजरी पाखडत होती.

"बाई, घाईत आहे, पुढं दोन गावं करायचीत," साहेब खाटेवर टेकत म्हणाले. "म्हटलं तुम्हाला सांगून जावं. युरियाचं नाही ते."

मालनबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"युरिया हवेतल्या नत्रापासून करतात, ते हलकं असतं. तुमच्या विहिरीतलं जड निघालं. एवढं जड जनावराच्या शेणामुताचंच असतं. मूत जमिनीवर पडलं की वास सुटतो बघा, डोळ्याला झोंबतो. त्या वासातून हलकं नत्र उडून जातं, जड मागं राहतं. मग पाऊस आला की ते खाली उतरतं. विहिरीवरच्या पट्टीतली माती आणि विहिरीचं पाणी, दोन्ही जवळजवळ सारखी निघाली. तिथं जनावरं बांधत होता का?"

"मेंढरं बसवली हुती," मालनबाई म्हणाली. आवाज तिचा नव्हताच जणू.

"फार दिवस?"

ती सुपातले खडे वेचायला लागली.

"काही चूक नाही त्यात, सगळे बसवतात. पण विहिरीच्या डोक्यावर, एकाच जागी, असं नको. पट्टीचा वरचा थर खरवडून लांब रानात पसरा, सोनं आहे ते. विहीर एकदा उपसून घ्या. सुधारेल हळूहळू." साहेब उठले. "आणि तुमच्या जाऊबाईंना सांगा. मागच्या वेळी फार घाबरलेल्या दिसल्या. त्यांच्या खतानं काही झालेलं नाही म्हणावं."

"सांगते की," मालनबाई म्हणाली.

सायकल ओढ्यापलीकडं गेली. मालनबाई पाखडलेली बाजरी पुन्हा पाखडत बसली. उन्हाळ्यात डोळ्यांत झोंबलेला तो वास तिला आता नाकात आल्यासारखा वाटला. पोर निळं पडलं ते आपल्या मेंढरांनी, आणि वाचलं ते छबूच्या दुधानं. एकाच पोराच्या दोन्ही गोष्टी, आणि दोन्हीत छबूच वर. हे कुणाला सांगायचं? का सांगायचं? साहेबांचं बोलणं ऐकलेलं दुसरं कुणी नव्हतं.

तिन्हीसांजेला छबू बाजारातून थेट आली, डोक्यावरचं गाठोडंही उतरवलं नव्हतं. "अक्का, सायेब आल्ते म्हनं? वाटंत कळलं. काय म्हनले?"

मालनबाईनं चुलीत लाकूड सारलं. "काय म्हननार? तुमच्या पांढऱ्या खताचंच हाय म्हनले."

छबू मटकन खाली बसली. गाठोड्यातून गव्हाचं बियाणं सांडलं, ते तिनं वेचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ आला आणि थोरल्या भावापुढं उभा राहिला. "दादा, हिरीतली आमची पाळी आमी सोडली. बायकू त्या पान्याकडं बघायला तयार न्हाई. गहू करत न्हाई औंदा. हीर तुमची."

"अरं, असं कसं? बापानं खांदलेली हीर हाय," मच्छिंद्र म्हणाला. "चुकून झालं ते. कुनी मुद्दाम केलं का?"

"न्हाई दादा. आता ठरलं."

मालनबाईनं दोघांपुढं चहा ठेवला. सगळी विहीर. वाटणी झाली तेव्हापासून तिनं हेच मागितलं होतं आणि आज ते चालत दारात आलं होतं. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण तो आनंद घशाखाली उतरेना. कानिफ जाताना तिच्या पाया पडला. "वयनी, पोराचं झालं त्ये पदरात घ्या." तिनं पाय मागं घेतले नाहीत.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी छबूच पोराला पाजायला इकडं आली होती. साळूचं अंग कणकणत होतं. पोर मालनबाईच्या कडेवर आकांत करत होतं. तिनं झुलवलं, टाळ्या वाजवल्या, गूळ चाटवला, काही केल्या राहीना. छबू दारात दिसली मात्र, ते गप्प झालं आणि सगळं अंग पुढं टाकून तिच्याकडं झेपावलं. साळू गोधडीतून हसली. "बघ की आई. त्याला काकूच आई वाटती."

मालनबाईच्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"वाटंल न्हाई तर काय," ती म्हणाली. "पाजती ना. पर त्याच हिरीचं पानी हिनं पाऊसभर प्यालंय. हिच्या अंगात त्योच युरिया मुरलाय. त्योच पाजती त्याला. आज न्हाई, उद्या निळं पडंल परत, मग कळंल."

छबूनं पदराखालून पोराला काढलं. तोंडातून सुटताच ते किंचाळलं. तिनं ते हळूच गोधडीवर ठेवलं, चोळी नीट केली आणि निघून गेली. साळू ओरडली, "काकू, आवं काकू, दवाखान्यात म्हनले हुते दुधात येत न्हाई म्हनून!" पण छबूनं मागं वळून पाहिलं नाही.

सांजेला ती आली नाही. साळू तापातच पोराला घेऊन गेली तर छबूनं दाराआडूनच नको म्हणून सांगितलं. तिनं छातीला ओलं फडकं आवळून बांधलं होतं. स्वतःच्या पोरीलाही तोडलं होतं. ती पोर ओट्यावर लोळण घेत होती. मालनबाईनं झऱ्याच्या पाण्यात भुकटी कालवून चमच्यानं पाजायला घेतली. पोरानं जिभेनं बाहेर ढकलली. बाटली दिली तर बूच चावून फेकलं. शेळीचं दूध आणलं, ते ओकलं. दुसरा दिवस उजाडला तोवर त्याचं रडणं बारीक झालं होतं. टाळू खोल गेली होती. साळू आईशी बोलायची बंद झाली होती, नुसती बघत होती. आणि मच्छिंद्र, जो कधी आवाज चढवत नसे, दारातून म्हणाला, "त्या बाईचे पाय धर, न्हाईतर काय बी कर. पोर माज्या घरात मरता कामा नये."

मालनबाईनं पोराला उचललं. ऊन तापलं होतं. बांधावर तिचे पाय अडखळले. पोराचं डोकं तिच्या खांद्यावर ओल्या चिंधीसारखं पडलं होतं.

छबू खळ्यात खाली बसून ती मुठीएवढी कणसं खुडत होती. चोळी पुढून भिजून कडक झाली होती आणि अंगात ताप असल्यासारखे तिचे डोळे लाल होते.

"छबू, घे याला."

"न्हाई अक्का. माज्यानं एकदा झालंय. परत माज्या हातानं न्हाई."

"अगं, मरंल ते."

"माज्यानं न्हाई मरनार," छबू म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तुमीच म्हनला ना, अंगात मुरलंय म्हनून. रात्रभर मला तेच दिसतंय. निळं, निळं."

मालनबाई खळ्याच्या कडेला उभी होती. पोरानं तोंड उघडलं, आवाज आला नाही. आता एक वाक्य, एवढंच. एवढं बोललं की विहीर गेली, गावातलं बोलणं गेलं, साळूच्या सासरी दाखवायचं तोंड गेलं, आणि या बाईच्या अंगावर आपल्याला टाकता येईल असं काहीच उरलं नाही. ती पुन्हा हसेल, "व्हय अक्का" म्हणेल आणि घागर उचलून चालू पडेल.

"खत तुजं न्हवतं," मालनबाई म्हणाली.

छबूचा हात थांबला.

"काय?"

"तुज्या युरियाचं न्हवतं ते. मेंढरांचं हुतं. माज्या. सायेबांच्या यंत्रात तसं आलंय. तुजं दूध चांगलं हाय. पाज त्याला."

छबूनं पुढं काही विचारलं नाही. दातांनी गाठ सोडली, फडकं ओढून काढलं आणि पोराला घेतलं. त्याला आधी धरताच येईना, दूध नाकातोंडावर उडालं. छबूनं दुखण्यानं डोळे मिटले. मग पोर लागलं. मालनबाईला वाटलं, आपण आत्ताच कुठं श्वास घेतोय.

पोरानं एक मूठ छबूच्या छातीवर ठेवली होती, ती उघडायची आणि मिटायची.

"कवा सांगितलं सायेबांनी?" छबूनं विचारलं.

आज, असं म्हणता आलं असतं. काल म्हणता आलं असतं. विचारायला जाणारं कोण होतं? मालनबाईनं तोंड उघडलं, आणि खोटं बोलायचं तर नेहमी सोपं जायचं, आज जमलं नाही.

"तू बाजाराला गेल्तीस तवा."

छबू हसली नाही, व्हय अक्काही म्हणाली नाही. ती मनात सगळं जुळवत होती ते तिच्या तोंडावर दिसत होतं: सांडलेला गहू, सोडलेली पाळी, नवरा पाया पडला ते, ओट्यावर लोळणारी पोर. सगळं जुळलं तेव्हा तिनं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं, आणि घेता घेता अंग असं वळवलं की मालनबाईकडं तिची पाठ आली.

"हीर आमी सोडली ती सोडली," ती म्हणाली. "ते पानी आमाला नगं. पोराला मातूर रोज आना. त्याचा काय दोस? साळूला म्हनावं येत जा. तुमी बांधाच्या हिकडं येऊ नका."

मालनबाई पोराला तिथंच ठेवून बांधाकडं वळली.

दुसऱ्या दिवसापासून साळू पोराला घेऊन निघाली की ताप उतरलेला नाही, पाय लटपटतील, म्हणून मालनबाई बरोबर जायची. पोराला बांधापर्यंत ती उचलून न्यायची. तिथं साळूच्या हातात द्यायची आणि उन्हात उभी राहायची. मागं तिची विहीर होती, सगळीच्या सगळी. पुढं छबूचं बंद दार होतं. दाराआडून पोराच्या चुटूचुटू पिण्याचा आवाज येतोय असं तिला वाटायचं. एवढ्या लांबून तो ऐकू येणं शक्य नव्हतं.